गुऱ्हाळाचे चुलवाण आणि घरचे चिपाड



साखर कारखान्याच्या पत्रिकेत गुऱ्हाळाचे काय काम, असे कोणी विचारील. आणि विचारणे रास्तच आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो. कारखान्याकडे नोंद केलेला ऊस कारखान्याचाच. तो गुऱ्हाळाकडे वळवा असे सांगायला आम्ही बसलेलो नाही, आणि तसे कोणी करू लागलाच तर शेतकी विभागाची माणसे बांधावर येऊन उभी राहणारच. पण करवीर, पन्हाळा, शाहूवाडी या भागांत वडिलोपार्जित गुऱ्हाळ असलेले, नोंदीबाहेरचा थोडा ऊस त्यासाठी राखणारे सभासद आहेत, हे आपण सारेच जाणतो. दसरा जवळ आला की यांतले चार-दोन तरी आमच्याकडे येतात. गाऱ्हाणे ठरलेले असते : चुलवाण ओढत नाही, आधणाला वेळ लागतो, जळण पुरत नाही. एकेकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढावे, असे ठरवले.

यातले बरेचसे आम्ही आपल्या कारखान्याच्या बॉयलर विभागातल्या जुन्या माणसांकडून शिकलो आहोत. बॉयलर काय आणि चुलवाण काय, दोघांचे खाणे एकच, उसाचे चिपाड. बॉयलर मोठा आणि त्याच्यावर रात्रंदिवस पहारा. चुलवाण बिचारे जमिनीत, कोणी न बघणारे, एवढाच फरक.

आधी हिशेब

एक टन ऊस आपल्या साध्या तीन रोलरच्या घाण्यातून काढला तर सुमारे ६०० ते ६५० किलो रस मिळतो. बाकीचे ओले चिपाड. ते उन्हात चांगले वाळले की सुमारे २०० किलो भरते. गूळ निघतो ११० ते १२० किलो. म्हणजे किलोभर गुळामागे आपल्या घरचे वाळलेले चिपाड पावणेदोन किलोच्या आसपास येते. एवढ्यात भागले तर जळणाला पैसा लागत नाही. एवढ्यात नाही भागले तर लाकूड विकत, नाहीतर पाचट, नाहीतर ज्याचे नाव घेऊ नये ते. त्याबद्दल पुढे बोलू.

आता, एवढ्यात भागायला हवे की नाही? टनभर उसाच्या रसातून गूळ होईपर्यंत साधारण ५०० किलो पाणी वाफ होऊन जाते. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलो कॅलरी उष्णता लागते. त्यात रस उकळीला आणण्याची उष्णता धरली तर एकूण गरज सव्वातीन लाख किलो कॅलरीपर्यंत जाते. २०० किलो वाळलेल्या चिपाडात उष्णता असते सुमारे ७ लाख. म्हणजे जाळलेल्या चिपाडातली निम्म्याहून थोडी कमी उष्णता जरी रसात उतरली, तरी घरचे जळण घरच्या रसाला पुरते.

प्रत्यक्षात ती उतरत नाही. चार काहिलींच्या एका चुलवाणाचा शास्त्रीय अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की जाळलेल्या जळणातली सुमारे २९ टक्केच उष्णता गुळाच्या कामी आली. बाकीची धुराड्यातून, भिंतींतून आणि इकडेतिकडे गेली. किलोभर गुळाला २.३९ किलो वाळलेले चिपाड लागत होते. मग त्याच लोकांनी धुरातला प्राणवायू मोजून, त्या बेताने जाळ घालायला लावले, तेव्हा तो आकडा १.७३ वर आला. नवे चुलवाण बांधले नाही, हात कसा चालवायचा ते बदलले.

आपल्या घरच्या पावणेदोन किलोशी हे ताडून पाहा. २.३९ ने चालणाऱ्या गुऱ्हाळाला टनामागे सुमारे ७५ किलो जळण बाहेरून आणावे लागते. १.७३ ने चालणाऱ्याला जवळजवळ काहीच नाही. आपल्याकडे बहुतेक एका काहिलीची चुलवाणे. त्यांत धूर एकाच काहिलीखालून निघून जातो, म्हणून नासाडी जास्तच. तेव्हा या लेखात जे जे सांगणार आहोत, त्यामागे हे ७५ किलो आहेत असे समजून वाचावे.

हंगामाआधी

पावसाळ्यानंतर पहिले काम म्हणजे चुलवाणात उतरून पाहणे. उतरण्याआधी लांब काठीने आत ठोकावे. चार महिने बंद असलेल्या, कोरड्या, अंधाऱ्या जागेत साप-विंचू मुक्कामाला असतात, हे सांगायला शेतकी पदविका लागत नाही. पण दरवर्षी कोणीतरी बॅटरी न घेताच हात घालतो.

आत पाणी साचले होते का, ते भिंतीवरच्या ओलीच्या रेघेवरून कळते. आपली चुलवाणे जमिनीत खोदलेली, त्यात काळी जमीन असेल तर पाणी बाजूने झिरपतेच. पाणी उपसून टाकले म्हणजे काम झाले असे नव्हे. विटांत आणि गिलाव्यात मुरलेले पाणी तसेच राहते. अशा ओल्या चुलवाणात पहिल्याच दिवशी भडका जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर यायला वाट मिळत नाही, आणि गिलावा खपल्या-खपल्यांनी उडतो. म्हणून दोन-तीन दिवस आधी बारीक लाकडांचा मंद जाळ करून चुलवाण शेकून घ्यावे. पहिल्या दिवशी घटकाभर, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस, मग वाढवत न्यावे. वरचे तोंड या काळात उघडेच ठेवावे म्हणजे वाफ निघून जाईल.

गिलाव्याविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण इथेच हौसेने पैसा वाया जातो. भेगा बुजवायला लोक सिमेंट वापरतात. सिमेंट दिसायला मजबूत, पण जाळाच्या तोंडी त्याच्यातले धरून ठेवलेले पाणी निघून जाते आणि ते भुसभुशीत होऊन गळते. महिन्याभरात भेग पुन्हा तिथेच, आणि आता पहिल्यापेक्षा रुंद. बाहेरच्या कट्ट्याला, जिथे जाळ लागत नाही, तिथे सिमेंट खुशाल वापरा. आत मातीच पाहिजे. नुसती काळी माती नको. ती वाळताना आकसते आणि तडकते. चिकट माती, तिच्यात वाळू, आणि बांधून ठेवायला शेण व बारीक केलेले चिपाड किंवा भुसकट घालून आदल्या रात्री भिजत ठेवावे. सकाळी पायाने तुडवून लोण्यासारखे करावे. भेग आधी खरवडून मोकळी करावी, पाणी शिंपडावे, मग माती दाबून भरावी. कोरड्या भेगेवर नुसता वरून हात फिरवला तर तो लेप पहिल्या आधणाला गळून पडतो. जिथे जाळ थेट बसतो, म्हणजे तोंडाची कमान आणि धूरवाटेचा गळा, तिथे साध्या विटांऐवजी भट्टीच्या विटा लावता आल्या तर खर्च एकदा होतो आणि डोकेदुखी बरीच वर्षे टळते.

चुलवाणात लोखंडी जाळी असेल तर तिच्या सळ्या पाहाव्यात. वाकलेली सळी जळण खाली सोडते, चिकटलेल्या सळ्या वारा अडवतात. दोन्हीचा परिणाम एकच : चिपाड अर्धे कच्चेच राखेत जाते. राख चोळून पाहा. काळी आणि कोळशाची कुणी असलेली राख म्हणजे ते न जळलेले जळण होय.

धुराडे

चुलवाणाचा जीव धुराड्यात असतो. गरम धूर हलका होऊन वर चढतो आणि आपल्यामागे तोंडातून ताजा वारा ओढून घेतो. धुराडे काजळीने अरुंद झाले, किंवा मधेच वीट निखळून भोक पडले, की ही ओढ मरते. मग लोक जाळ जास्त घालतात. जळण वाढते, वारा तेवढाच, आणि काळा धूर काहिलीवर लोळतो.

धुराड्याच्या तळाशी राख-काजळी काढण्यासाठी एक छोटे भोक ठेवलेले असते. नसेल तर ते ठेवून घ्यावे, आणि काम नसेल तेव्हा वीट व मातीने बंद करावे. हंगामात महिन्यातून एकदा तरी तिथून काजळी काढावी. धूरवाटेत उडून आलेली राख साचते तीही ओढून घ्यावी. ही वाट आडवी असल्यामुळे राख वर जात नाही, तिथेच बसते. आम्ही पाहिलेल्या कित्येक ‘न ओढणाऱ्या’ चुलवाणांत दुसरा काहीच दोष नव्हता.

धुराड्याला झडप असेल तर फारच चांगले. पत्र्याची साधी सरकती पाटी असली तरी चालते. जाळ चांगला पेटल्यावर ती थोडी आत सरकवली की ओढ आटोक्यात येते, आणि ज्वाळा काहिलीच्या बुडाशी रेंगाळते. पण झडप पूर्ण कधीही बंद करू नये. आत निखारे असताना ती बंद झाली तर विषारी वायू तोंडाकडून परत येतो, आणि तिथे माणूस बसलेला असतो.

काहिलीचा काठ

काहील चुलवाणावर बसते तिथली फट हा सर्वांत दुर्लक्षित भाग. जाळ चालू असताना चुलवाण आत वारा ओढत असते. काठाशी बोटभर फट असली तर तिथून थंड वारा आत शिरतो आणि तापलेल्या धुराला काहिलीखालीच गार करतो. बाहेरून काही दिसत नाही. धूर येत नाही, ज्वाळा येत नाही, म्हणून सगळे ठीक आहे असे वाटते.

एका सभासदाच्या गुऱ्हाळावर आम्ही गेलो होतो तेव्हा जुना अनुभवी गुळव्या म्हणाला, “सायेब, रस तापतोय, उकळतोय, पण उसळी न्हाई. जाळ बघा की किती हाय!” जाळ खरोखरच भरपूर होता. आम्ही घरातून उदबत्ती मागवली. सगळ्यांना वाटले आता पूजा होणार! पेटवलेली उदबत्ती काठाशी धरून काहिलीभोवती हळूहळू फिरलो. धुराडे होते त्या बाजूला तीन ठिकाणी उदबत्तीचा धूर सरळ वर न जाता झटकन आत ओढला गेला. तिथे ओली माती दाबली. पुढच्या आधणाला गुळव्या आपणहून म्हणाला, “आता आली बघा.”

ही परीक्षा फुकटची आहे, ती महिन्यातून एकदा प्रत्येकाने करावी. उदबत्तीचा धूर आत गेला तर फट आहे. उलट फटीतूनच धूर बाहेर ढकलला जात असेल तर धुराडे तुंबले आहे. आपल्याकडे प्रत्येक आधणाला काहील उतरवून वाफ्यावर नेतात, त्यामुळे काठावरची माती दरवेळी हलते. म्हणून ओल्या मातीचे घमेले जवळच ठेवावे आणि काहील बसवली की भोवती माती फिरवून दाबावी. दोन मिनिटांचे काम आहे. कोणाचे ते मात्र आधी ठरवून द्यावे. सगळ्यांचे काम म्हणजे कोणाचेच नाही.

काहील उतरवतानाच बुडाकडे नजर टाकावी. बुडाला काजळीचा जाड थर धरला असेल तर तो जाळ आणि रस यांच्यामध्ये घोंगडे पसरल्यासारखा असतो. काहील थंड असताना तो खरवडून काढावा. आतल्या बाजूलाही चुन्याच्या निवळीमुळे पांढरट खरपुडी धरते. ती वेळच्या वेळी घासून काढली नाही तर तिथे रस लागतो आणि गुळाला काळपट झाक येते. आणि रिकामी काहील पेटत्या चुलवाणावर क्षणभरही ठेवू नये. बुडाला बाक येतो, तो पुन्हा निघत नाही.

जाळ घालणारा

गुऱ्हाळात मान गुळव्याला असतो, आणि तो असावाही. पण जळणाचा हिशेब ज्याच्या हातात आहे तो खड्ड्यात बसून जाळ घालणारा गडी. काही गावांत त्याला चुलव्या म्हणतात. त्याची मजुरी सगळ्यांत कमी आणि धग सगळ्यांत जास्त. आमचे स्पष्ट मत आहे की हे काम कोणालाही, आज एकाला उद्या दुसऱ्याला, देऊ नये. ज्याला हात बसला आहे त्याला धरून ठेवावे आणि दोन पैसे जास्त द्यावेत. वर २.३९ आणि १.७३ मधला जो फरक सांगितला तो या माणसाच्या हातात आहे.

चांगला हात म्हणजे थोडे आणि वरचेवर. मोठा भारा एकदम कोंबून दहा मिनिटे बिडी ओढत बसणे हा वाईट हात. भारा आत गेला की तो आधी जाळ दाबतो, काळा धूर निघतो, न जळलेला वायू धुराड्यातून फुकट जातो. मग भारा एकदम पेटतो, ज्वाळा धुराड्यात शिरते, तीही फुकट जाते. दोन्ही वेळा रसाच्या वाट्याला काही येत नाही. तोंड सतत उघडे ठेवणेही तितकेच वाईट. तोंडाला पत्र्याचे झाकण टांगून ठेवावे, चिपाड सारायचे तेवढ्यापुरते बाजूला करावे.

आपल्याकडे प्राणवायू मोजण्याचे यंत्र नाही, पण धुराडे आहे, आणि ते शिवाराच्या टोकावरूनही दिसते. काळा धूर म्हणजे जळण जास्त, वारा कमी. दाट पांढरा धूर म्हणजे चिपाड ओले. विरळ, फिकट, हवेत लगेच विरणारा धूर म्हणजे सगळे बरोबर चालले आहे. धूर मुळीच नाही पण धुराड्याच्या तोंडावर रात्री ज्वाळा दिसते, असे असेल तर ओढ जास्त आहे. झडप थोडी सरकवावी.

गुळव्या आणि हा गडी यांचा सूर जुळला पाहिजे. मळी वर येईपर्यंत जाळ बेताचा, मळी काढल्यावर जोराचा, आणि काकवी घट्ट होऊ लागली की पुन्हा कमी. काकवी काढायची तर १०५-१०६ अंशांना थांबायचे असते, गुळाला ११८ ते १२० अंशांपर्यंत जावे लागते. शेवटच्या या टप्प्यात पाणी थोडेच उरलेले असते, त्यामुळे तापमान भराभर चढते. या वेळी चुलवाण चिपाडाने भरलेले असेल तर गुळव्याने कितीही ओरडले तरी जाळ कमी होत नाही. म्हणून शेवटचा हात गुळव्याला विचारून घालावा, आणि काहील उतरवण्याच्या बऱ्याच आधी घालणे थांबवावे.

चिपाडाची ओल

घाण्यातून नुकत्याच पडलेल्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते. असे एक किलो चिपाड जाळले तर सुमारे १,८०० किलो कॅलरी हाती लागतात. तेच वाळवून ओल १५ टक्क्यांवर आणली तर किलोला सुमारे ३,५०० मिळतात. अर्थात वाळल्यावर वजनही कमी होते, हे मान्य; पण लाभ तेवढाच नाही. ओले चिपाड जाळ थंड करते, धूर करते, काजळी वाढवते, म्हणजे चुलवाणाचे वर सांगितलेले सगळे दुखणे तिथूनच सुरू होते. कारखान्याचा बॉयलर ओलसर बगॅस जाळतो ना, असे कोणी म्हणेल. जाळतो, पण त्याच्याजवळ पंख्याने वारा देण्याची सोय असते आणि जळायला उंचच उंच जागा असते. आपल्या चुलवाणाजवळ यातले काहीच नाही.

म्हणून खळ्यावर पातळ पसरावे, दिवसातून दोनदा उलथावे, चांगले ऊन असेल तर तीन-चार दिवसांत कुरकुरीत होते. मुठीत आवळून सोडल्यावर ते पुन्हा फुलले पाहिजे. संध्याकाळी दव पडण्याआधी गोळा करावे. ओलसर चिपाडाचा मोठा ढीग लावू नये. आत आंबून तो तापतो. आणि गेल्या हंगामातले थोडे कोरडे चिपाड पहिल्या आठवड्यासाठी राखून ठेवावे, कारण सुरुवातीला वाळलेले काहीच नसते आणि नेमके तेव्हाच लाकूड विकत आणले जाते.

रास चुलवाणापासून चांगली लांब आणि धुराड्याच्या वाऱ्याखाली नसावी. जवळ फक्त एका आधणापुरते आणावे. पाण्याचे पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या तिथेच असाव्यात, आणि पिंपात खरोखर पाणी असावे.

पाचटाचा विषय निघाला की आमच्यासारख्याला राहवत नाही. पाचट शेतातच आच्छादन म्हणून ठेवा, हे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. इथे त्याला आणखी एक कारण. पाचटाच्या राखेत क्षार जास्त असतात. ती जाळात वितळून विटांना आणि जाळीला काचेसारखी चिकटते. मग पहारीने ठोकून काढावी लागते आणि तिच्याबरोबर गिलावाही निघतो.

टायर

काही ठिकाणी जळण कमी पडले की जुने टायर, रबर, प्लॅस्टिक चुलवाणात जाते. जाळ जबरदस्त होतो, नाकारत नाही. पण त्याचा धूर ज्या उघड्या काहिलीवर उतरतो तिच्यात खाण्याचा जिन्नस आहे. तो गूळ बाळंतिणीला देतात, लहान पोराच्या हातावर ठेवतात. शिवाय टायरमधली तार राखेत उरते आणि ती राख शेतात टाकण्याजोगी राहत नाही. रबरातल्या गंधकामुळे धुराड्याचा पत्रा आणि काहीलही लवकर खातात. आणि ज्याला हा धूर सर्वांत आधी लागतो तो खड्ड्यात बसलेला माणूस, मालक नव्हे. हंगामात ७५ किलोचा खड्डा भरायचा तर तो भेग बुजवून, चिपाड वाळवून भरावा. टायर जाळणाऱ्या सभासदाला आमच्याकडून चुलवाणाविषयी एक शब्दाची मदत होणार नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

माणसांची काळजी

चिपाडाने तोंड गच्च भरले आणि मग कोणी पहारीने ढोसले की आत कोंडलेला वायू एकदम पेट घेऊन तोंडातून भपका बाहेर येतो. भुवया-मिशा जळतात त्या यानेच; कधी त्याहून वाईट होते. जाळ घालणाऱ्याने तोंडासमोर न बसता एका बाजूला बसावे. अंगात सुती कपडे असावेत. नायलॉन, टेरिकॉट आगीने वितळून कातडीला चिकटते. डोक्याला मुंडासे असावे.

काहील उतरवली की मागे पेटते तोंड उघडे राहते. त्या वेळी काठावर दारू प्यालेला, झोपाळलेला किंवा केवळ बघायला आलेला माणूस नको. मुले तर मुळीच नकोत. गुऱ्हाळावर गरम काकवीच्या आशेने पोरे जमतात, ती जमणारच; त्यांना वाफ्याच्या पलीकडे एक जागा ठरवून द्यावी आणि तिथे नेऊन द्यावे.

रस किंवा काकवी अंगावर सांडली तर ताबडतोब साधे थंड पाणी वीस मिनिटे ओतत राहावे. घड्याळ लावून वीस मिनिटे. शाई, टूथपेस्ट, तेल, गूळ काहीही लावू नये. काकवी चिकटून राहते, म्हणून आत भाजत राहते. पाण्यानेच ती निवते. फोड फोडू नयेत, स्वच्छ कपड्याने झाकून दवाखाना गाठावा.

राख काढण्याची घाई कोणी करू नये. वरून पांढरी पडलेली राख आत दुसऱ्या दिवशीही निखारा धरून असते. चुलवाणात उतरायचे तर ते पूर्ण निवलेले, दोन्ही तोंडे उघडी आणि वर एक माणूस उभा, असे असेल तरच. रात्री चुलवाण बंद झाले की उबेला मांजर, कुत्र्याची पिले आत जाऊन निजतात. पहाटे जाळ घालण्याआधी एकदा डोकावून, काठी फिरवून पाहावे.

हंगाम संपल्यावर

शेवटचे आधण झाले की सगळे थकलेले असतात आणि चुलवाण आहे तसेच सोडून जातात. पाऊस येतो. आतली राख भिजते. भिजलेल्या राखेचे पाणी खारे-तिखट असते, ते चार महिने जाळीच्या सळ्या आणि विटांचे सांधे खात बसते. म्हणून निवल्यावर राख तळापासून काढून घ्यावी. नुसत्या चिपाडाची आणि लाकडाची राख असेल तर शेतात पसरावी. तिच्यात पालाश असते.

धूरवाट झाडून घ्यावी. धुराड्याच्या तोंडावर जुन्या पत्र्याची टोपी दगड ठेवून बसवावी. चुलवाणाच्या वरच्या तोंडावर फळ्या, त्यावर पत्रा, आणि भोवती मातीचा बांध घालून पाण्याला बाहेरची वाट काढून द्यावी. काहील गरम पाण्याने धुऊन, उन्हात वाळवून, आतून खाण्याच्या तेलाचा हात फिरवून छपराखाली लाकडांवर पालथी घालावी. जमिनीला टेकू देऊ नये. तिच्या कडेला खडूने तारीख आणि ‘बुडाला डावीकडे ठिगळ’, ‘काठ एक जागी उचलला’ असे जे काही हंगामात ध्यानात आले असेल ते लिहून ठेवावे. दसऱ्याला लोहार येतो तेव्हा ते कोणालाच आठवत नाही.

ज्यांना आपले चुलवाण दाखवून घ्यायचे आहे त्यांनी गळीत हंगाम सुरू होण्याआधी गट कार्यालयात नाव द्यावे. एकदा ऊसतोड सुरू झाली की आम्हालाही सवड नसते. येताना चुलवाणातली मूठभर राख कागदात बांधून आणावी.